लहान मुलांना घेऊन हिवाळ्यात दिल्ली: सहा तासांच्या दिवसाचे नियोजन

नाताळच्या सुट्टीत दिल्लीला जायचे ठरवताना पुण्या-मुंबईकडचे बहुतेक पालक थंडीची काळजी करतात आणि पर्यटनस्थळांची यादी करतात. आमच्या पहिल्या खेपेला आम्हीही तेच केले होते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा, चार दिवसांत चौदा ठिकाणे असा बेत होता आणि पहाटेच्या विमानाचे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून आम्ही खूशही होतो. दिल्लीत धुके असल्यामुळे ते विमान जयपूरला उतरवण्यात आले. तिथे जवळजवळ चार तास बसून राहावे लागले, मुलांसाठी घेतलेला खाऊ पहिल्या तासाभरातच संपला आणि दिल्लीत पोहोचेपर्यंत दिवस मावळतीला लागला होता. दोन वर्षांनी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा थंडी तेवढीच होती, पण सहल सुखाची झाली. त्या दोन खेपांमधून जे कळले ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी एक हिशेब मनात पक्का करावा. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत सूर्य सकाळी सातनंतर उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा संध्याकाळ अर्ध्या तासाने लवकर होते. त्यातही सकाळी दहापर्यंत धुके आणि गारठा असतो, हवा सर्वांत खराब असते ती याच वेळी, आणि चारनंतर ऊन उतरले की मुले कुडकुडायला लागतात. लहान मुलांसाठी दिल्लीचा हिवाळी दिवस साडेदहा ते साडेचार, असा सहा तासांचा असतो. तिकिटे, मुक्काम, जेवण आणि फिरणे हे सगळे या सहा तासांना धरून ठरवावे लागते.

१. तारखा ठरवणे

२० डिसेंबर ते १५ जानेवारी हा काळ सर्वाधिक थंडीचा आणि दाट धुक्याचा असतो. किमान तापमान ४ ते ८ अंशांपर्यंत उतरते आणि काही दिवस तर दुपारीही ऊन पडत नाही. दिल्लीतल्या शाळांना जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हिवाळी सुट्टी असते, त्यामुळे मुलांच्या ठिकाणी स्थानिक गर्दीही तेव्हाच उसळते. १ जानेवारीला इंडिया गेट आणि प्राणिसंग्रहालय हे दोन्ही भाग टाळावेत. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी कनॉट प्लेसमध्ये वाहनांना मज्जाव असतो आणि राजीव चौक मेट्रो स्थानकातून रात्री बाहेर पडू देत नाहीत, हे मुक्काम त्या भागात असल्यास लक्षात ठेवावे.

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रजासत्ताक दिनाची तयारी सुरू होते. संचलनाच्या तालमींसाठी कर्तव्यपथाच्या आसपासचे रस्ते बंद होतात, २३ तारखेला पूर्ण गणवेशातील तालीम असते, लाल किल्ला काही दिवस पर्यटकांसाठी बंद राहतो आणि गेल्या काही वर्षांत २६ तारखेच्या आधीच्या आठवड्यात सकाळी उशिरा दोनेक तास विमानांची ये-जाही थांबवली गेली आहे. संचलन प्रत्यक्ष पाहण्याचा मोह सर्वांना होतो, पण थंडीत भल्या सकाळी जाऊन बसायचे, पिशवी आणि खाण्याचे पदार्थ बरोबर न्यायचे नाहीत आणि मधे उठता येत नाही, असा तो मामला आहे. आठ वर्षांखालील मुलांना घेऊन जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांची मुले अजून बालवाडीत आहेत आणि ज्यांना रजा मिळू शकते, त्यांनी नाताळचा हट्ट सोडून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निवडावा. ऊन उबदार असते, धुके विरळ झालेले असते आणि बागा फुललेल्या असतात. पहिलीच्या पुढे मुले गेली की हे सुख संपते.

२. प्रवासाची तिकिटे

विमानाने जाणार असाल तर दिल्लीत दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान उतरणारे विमान घ्यावे. पहाटेचे विमान धुक्यात अडकते हे सर्वांना माहीत असते. संध्याकाळचे विमानही अडकते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. एकच विमान दिवसभर या शहरातून त्या शहरात फिरत असते आणि सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत पुढे सरकत जातो. दोन वर्षांखालील बाळाला वेगळे आसन लागत नाही, परंतु वयाचा पुरावा विमानतळावर दाखवावा लागतो.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. २४ डिसेंबरची गाडी हवी असेल तर खिडकी २५ ऑक्टोबरला उघडते, म्हणजे बहुधा दिवाळीच्या आगेमागे, आणि तेव्हा फराळाच्या गडबडीत ही तारीख हुकते. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे आणि बर्थ नको असेल तर अर्धे भाडे पडते. अर्धे भाडे भरून पैसे वाचवण्याचा विचार मनात येतो. पण पुण्याहून जाणाऱ्या गाड्यांना साधारण वीस तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि थंडीच्या रात्री एका बर्थवर मोठे माणूस आणि सात वर्षांचे मूल धड झोपत नाहीत.

मुंबईहून संध्याकाळी सुटणाऱ्या राजधानी गाड्या धुक्याच्या पट्ट्यात शिरतात त्या नेमक्या सकाळी, त्यामुळे मथुरेच्या पुढे त्या रखडण्याची शक्यता धरून चालावे. सकाळचा नाश्ता आणि दुपारचे हलके जेवण एवढा शिधा पिशवीत असावा. दशम्या, गूळपोळी, चिवडा हे दोन दिवस टिकणारे पदार्थ अशा वेळी उपयोगी पडतात.

३. कागदपत्रे आणि सामान

कागदपत्रांचे काम थोडक्यात उरकते. मोठ्यांचे आधार कार्ड, मुलांचे आधार किंवा जन्मदाखला, मुलाला दमा अथवा ॲलर्जी असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी, आणि ऑनलाइन काढलेल्या तिकिटांची छापील प्रत. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या वास्तूंमध्ये १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो, तेव्हा वयाने लहान पण अंगाने थोराड मुलाचा वयाचा पुरावा जवळ असावा.

कपड्यांच्या बाबतीत एकच जाड जाकीट घेण्याची चूक करू नये. आतून अंगाला घट्ट बसणारा उबदार पायजमा-बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, त्यावर लोकरी स्वेटर आणि वरून वारा अडवणारे जाकीट असे थर हवेत. मेट्रोत आणि दुकानांत शिरल्यावर मुलांना घाम फुटतो आणि त्याच ओल्या अंगाने ती बाहेरच्या गार वाऱ्यात येतात. सर्दी बहुतेक वेळा तिथेच गाठते. म्हणून वरचे थर झटपट काढता-घालता यावेत, यासाठी डोक्यातून घालण्याऐवजी पुढून चेन असलेले स्वेटर निवडावेत. कानटोपी प्रत्येकी दोन घ्याव्यात, कारण एक हरवतेच. दिल्लीच्या थंडीत धुतलेले कपडे वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा आतले कपडे आणि पायमोजे नेहमीच्या दुप्पट न्यावेत.

सगळी खरेदी पुण्यातच करण्याची गरज नाही. मुलांचे लोकरी कपडे सरोजिनी नगर आणि लाजपत नगरच्या बाजारांत मुबलक मिळतात. पहिल्या दिवशी पुरेल एवढे घेऊन जावे आणि उरलेले तिथे घ्यावे. सरोजिनी नगर सोमवारी बंद असते.

आणखी दोन बारीक गोष्टी सांगतो. खोबरेल तेल दिल्लीच्या थंडीत बाटलीत दगडासारखे गोठते, म्हणून ते रुंद तोंडाच्या डबीत न्यावे. तिथली कोरडी हवा मुलांचे गाल आणि ओठ दोन दिवसांत फोडते, तेव्हा ही डबी रोज लागते. दुसरे म्हणजे थर्मास. थंडीत मुलांना तहान जाणवत नाही, थंड पाणी तर ती तोंडाला लावत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी पोट साफ न झाल्याची रड सुरू होते. कोमट पाणी जवळ असले की दर तासाला चार घोट पाजता येतात.

४. प्रदूषणाची तयारी

हा विषय टाळून दिल्लीला जाता येत नाही. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०१ ते ३०० असल्यास हवा वाईट, ३०१ ते ४०० असल्यास अतिशय वाईट आणि ४०० च्या पुढे गंभीर मानली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप फोनवर घ्यावे आणि रोज सकाळी बाहेर पडण्यापूर्वी जवळच्या केंद्राचा आकडा पाहावा. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत अडकून राहते आणि धूर वर जाऊ शकत नाही, त्यामुळे पहाटे आकडा चढतो. ऊन तापून वारा सुटला की दुपारी तो काहीसा उतरतो. साडेदहापूर्वी बाहेर न पडण्याचे हे दुसरे कारण.

आम्ही स्वतःसाठी एक साधा नियम केला होता. आकडा ३०० च्या आत असेल तर बाग किंवा किल्ला, ३०० ते ४०० असेल तर बाहेर एक तास आणि उरलेला वेळ संग्रहालयात, आणि ४०० च्या वर असेल तर दिवसभर छपराखाली. हा नियम वैद्यकीय सल्ला नव्हे. मुलाला बालदमा असेल, वारंवार छाती भरत असेल, तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सहल ठरवावी आणि त्यांनी लिहून दिलेले इन्हेलर व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मुलांसाठी एन-९५ मुखपट्टी त्यांच्या मापाची घ्यावी, कारण मोठ्यांची मुखपट्टी त्यांच्या गालांपाशी उघडी राहते आणि तिचा उपयोग होत नाही. दोन वर्षांखालील बाळाला मुखपट्टी लावू नये.

हवा फार बिघडली की सरकार टप्प्याटप्प्याने निर्बंध लावते. तिसऱ्या टप्प्यापासून जुन्या डिझेल मोटारींना बंदी होते. पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी गाडी कोणत्या उत्सर्जन मानकाची आहे, हे नोंदणीपत्रावर पाहून ठेवावे.

५. मुक्कामाची खोली

दिल्लीतल्या बहुतेक मध्यम दरांच्या हॉटेलांत खोली गरम ठेवण्याची सोय नसते. भिंती आणि फरशी बर्फासारख्या गार असतात. आरक्षण करण्यापूर्वी फोन करून चार प्रश्न विचारावेत: खोलीत विजेचा हीटर मिळेल का आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का, गिझर दिवसभर चालू असतो का ठरावीक वेळेलाच, खिडकी रस्त्याकडे उघडते का, आणि हॉटेलच्या दारापर्यंत टॅक्सी येते का. पहाडगंज आणि करोल बागेच्या काही गल्ल्यांत ती येत नाही आणि झोपलेले मूल खांद्यावर घेऊन सामान ओढावे लागते. पहिल्या खेपेला आम्हाला मिळालेल्या खोलीची खिडकी एका बंद चौकात उघडत होती आणि चार दिवसांत तिथे उन्हाची तिरीपही आली नाही.

एक इशारा गांभीर्याने घ्यावा. काही ठिकाणी शेकोटीसाठी कोळशाची अंगीठी देतात. ती उघड्या अंगणात ठीक आहे, पण बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणसे दगावतात. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा घटना घडतात.

मुलांची आंघोळ सकाळी न करता दुपारी परतल्यावर करावी आणि रोज केलीच पाहिजे असे नाही, हे घरातल्या आजीला फोनवर सांगू नये इतकेच.

जागा मेट्रोच्या स्थानकापासून पायी पाच-सात मिनिटांवर असावी. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला पहाडगंज आणि अजमेरी गेट अशा दोन बाजू आहेत. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. बाहेर पडताना ‘तुमचे हॉटेल बंद झाले’ किंवा ‘पुढचे तिकीट रद्द झाले, आमच्या कार्यालयात चला’ असे सांगणारे लोक भेटतात. त्यांच्याशी बोलत न थांबता पुढे चालावे.

६. शहरात फिरणे

मेट्रो हे मुलांसाठी वाहनही आहे आणि खेळही. तीन फुटांपर्यंत उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही. गाडीचा चालण्याच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. मुलाला कडेवर घेतलेल्या बाबांनी गर्दीत चुकून त्यात शिरू नये, दंड होतो. सकाळी अकराच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर राजीव चौक, कश्मीरी गेट यांसारख्या बदलाच्या स्थानकांवर मुलांचा हात सुटेल अशी गर्दी असते. आपले सहा तास बहुतांशी या दोन गर्दींच्या मधे बसतात. बाबागाडी न्यावी, पण एका हाताने मिटणारी. लिफ्ट बहुतेक स्थानकांवर असते, मात्र रस्त्यावरचे पदपथ अचानक संपतात.

स्थानकाच्या नावावर भिस्त ठेवू नये. कुतुबमिनार नावाचे स्थानक मिनारापासून चांगलेच दूर आहे आणि तिथून रिक्षा करावीच लागते. याउलट लाल किल्ला स्थानक किल्ल्याच्या अगदी जवळ आहे.

७. काय पाहावे आणि काय सोडावे

दिवसाला एक उघड्यावरचे ठिकाण आणि एक छपराखालचे, एवढेच धरावे. कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते, हे आधी कागदावर लिहून मगच बेत आखावा, कारण सोमवार हा दिल्लीतला मोठा सापळा आहे. लाल किल्ला, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, बाहुल्यांचे संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल ही सगळी सोमवारी बंद असतात. प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद असते. हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार रोज उघडे असतात, म्हणून सोमवार त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

आमच्या मुलांना सर्वाधिक आवडले ते चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. तिथे मोकळ्या आवारात जुनी इंजिने आणि डबे उभे आहेत, आणि त्यांच्यामधून मुलांना घेऊन फिरणारी छोटी गाडी आहे. त्या गाडीची रांग दुपारनंतर वाढते, म्हणून आत शिरल्याबरोबर आधी तिचे तिकीट काढावे. आवार उन्हात असल्यामुळे अर्धा दिवस सहज जातो.

त्याच्या खालोखाल सुंदर नर्सरी. निजामुद्दीन भागात हुमायूनच्या कबरीला लागून असलेली ही सुमारे ९० एकरांची बाग जीर्णोद्धारानंतर २०१८ साली लोकांसाठी खुली झाली. हिरवळीवर चटई टाकून दिल्लीकर कुटुंबे दिवसभर ऊन खात बसतात, तसेच आपणही बसावे. बाबागाडी चालेल अशा वाटा आहेत, मुले धावली तरी वाहनांची भीती नाही. सकाळी कबर, मग बागेत डबा आणि दुपारची झोप, असा दिवस आम्ही घालवला आणि दुसऱ्या खेपेतला तोच दिवस मुलांना अजून आठवतो.

तिसरा गट मथुरा रस्त्याच्या बाजूचा. प्राणिसंग्रहालय, पुराना किल्ला आणि राष्ट्रीय विज्ञान केंद्र ही ठिकाणे एकमेकांजवळ आहेत आणि तिन्हींसाठी सुप्रीम कोर्ट हे मेट्रो स्थानक सोयीचे पडते. हवा बरी असेल तर प्राणिसंग्रहालय, नसेल तर विज्ञान केंद्र, असा निर्णय त्याच सकाळी घेता येतो. बहादूरशाह जफर मार्गावरचे शंकर बाहुली संग्रहालयही फार लांब नाही. ते १९६५ पासून आहे आणि निरनिराळ्या देशांच्या बाहुल्या काचेआड मांडलेल्या आहेत. चार वर्षांखालील मुले तिथे अर्ध्या तासात कंटाळतात.

चांदणी चौकात सायकल-रिक्षाची फेरी जरूर करावी, परंतु भाडे आधी ठरवून. लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन मंदिरात पक्ष्यांचे रुग्णालय आहे. जखमी कबुतरे आणि पोपट पाहून आमची मुलगी जी गप्प झाली, ती लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-आममध्येही झाली नव्हती.

अक्षरधाम मी या वयाच्या मुलांसाठी सोडून देईन. फोन आणि पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, रांगा लांब असतात, आत चुकामूक झाली तर एकमेकांना गाठणे अवघड जाते आणि प्रसिद्ध कारंज्यांचा खेळ अंधार पडल्यावर, म्हणजे ऐन गारठ्यात असतो. जायचेच असेल तर आत शिरताच भेटण्याची एक जागा ठरवून ठेवावी.

ताजमहालाचेही तसेच. एका दिवसात आग्र्याला जाऊन परत येण्याचा बेत नाताळच्या आसपास करू नये. पहाटे निघाले तर यमुना द्रुतगती मार्गावर धुके असते आणि तिथे पोहोचल्यावर सकाळी ताज दिसेलच याचीही खात्री नसते. हजरत निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेस हा रस्त्यापेक्षा बरा मार्ग आहे. आग्र्यात एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात ताज पाहावा. शुक्रवारी तो बंद असतो.

८. खाणे

दिल्लीच्या हिवाळ्यात मुलांना चालेल असे बरेच मिळते: गरम गाजर हलवा, भाजलेले शेंगदाणे, गजक, रेवडी, निखाऱ्यावर भाजलेले रताळे. रताळ्यावर घालतात तो मसाला आपल्याकडच्यापेक्षा तिखट असतो, म्हणून तो न घालता मागावे. तिसऱ्या दिवशी मुले छोले आणि पराठ्यांना कंटाळून वरणभात मागू लागतात. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनातील उपाहारगृहात मराठी जेवण मिळते. प्रवेशाच्या आणि जेवणाच्या वेळा आधी फोनवर विचारून जावे. आयएनए स्थानकाला लागून असलेल्या दिल्ली हाटमध्ये निरनिराळ्या राज्यांच्या खाद्यपदार्थांची दुकाने आहेत आणि मोकळी जागाही आहे.

९. परतीचा दिवस

परतीच्या दिवशी काहीही पाहायचे ठेवू नये. दुपारचे विमान असले तरी धुक्यामुळे वाहतूक सावकाश चालते आणि सामान बांधताना एक पायमोजा हमखास सापडत नाही. विमान कोणत्या टर्मिनलवरून आहे हे आदल्या रात्री पुन्हा पाहावे, कारण दिल्लीत टर्मिनले एकमेकांपासून दूर आहेत. नवी दिल्ली स्थानकाहून निघणारी विमानतळ मेट्रो टर्मिनल तीनला जाते, टर्मिनल एकचे स्थानक मात्र मॅजेंटा मार्गावर आहे. मुलांचा एक जादा जेवणाचा डबा, औषधे आणि झोपताना लागणारे दुपटे हातातल्या पिशवीत ठेवावे. त्याच पिशवीत एक रिकामी कापडी थैलीही असू द्यावी, कारण लोहगावला उतरून दारातून बाहेर पडेपर्यंत दोन्ही मुलांची जाकिटे, स्वेटर आणि कानटोप्या आपल्याच हातात आलेल्या असतात.